अकरावा मुद्दा

सबनीस मास्तरांच्या मुलीच्या चारित्र्याबद्दल सुरत शहरात कुणालाच शंका नव्हती. अडचण एवढीच होती की ते लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं.

झालं होतं असं की अपर्णाला टेलिफोन खात्यात नोकरी लागली. आधी नऊ आठवडे बडोद्याला ट्रेनिंग, तिथल्याच हॉस्टेलात राहायचं, एक मार्चला हजर व्हायचं. सोबत कागदपत्रांची यादी होती आणि त्या यादीत चारित्र्याचे दोन दाखले होते. एक कॉलेजचा. तो मिळाला, कारण कॉलेजला तिची फी भरलेली आठवत होती. दुसरा गॅझेटेड अधिकाऱ्याचा किंवा आमदाराचा. खाली बारीक अक्षरात, ‘मी सदर उमेदवारास किमान तीन वर्षे ओळखतो.’

मास्तरांच्या ओळखीचा गॅझेटेड अधिकारी एकच होता, आरोग्य खात्यातला डॉक्टर. प्लेगच्या वेळी अर्धं शहर गाड्यांना लटकून पळालं तेव्हा तो जागेवर राहिला, म्हणून त्याचा सत्कार झाला, आणि सत्कार झाला म्हणून त्याची भूजला बदली झाली. बाकीचे सगळे निवडणुकीच्या ड्युटीवर. पंचाण्णव सालचा फेब्रुवारी होता. आचारसंहितेची धास्तीच अशी होती की मामलेदार कचेरीत मास्तरांनी नुसतं पेन पुढे केलं तरी साहेबांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

राहता राहिले आमदार धनसुखभाई. पक्षाने त्यांचं तिकीट कापलं होतं आणि ते अपक्ष उभे होते, पण नवा निकाल लागेपर्यंत त्यांचा शिक्का चालत होता. म्हणजे अपर्णाच्या चारित्र्याला आता एक मुदत होती.

त्या दिवशी सकाळी घरात वाद झाला होता हे सांगायला पाहिजे. वाद म्हणजे काय, मास्तर बोलले आणि नीलाताई डबा भरत राहिल्या.

“मी म्हणत नाही की जाऊ नये,” मास्तर म्हणाले. “मी म्हणतो विचार करावा.”

“कुणी?”

“सगळ्यांनी. लग्न न झालेली मुलगी, परक्या गावात, नऊ आठवडे.”

“आम्ही केला विचार,” नीलाताई म्हणाल्या, डब्याचं झाकण लावलं आणि बँकेत निघून गेल्या. अपर्णा म्हणाली, “बाबा, फॉर्म निळ्या फोल्डरमध्ये ठेवलाय.” वाद संपला. बावीस वर्षं महापालिकेच्या मराठी शाळेत साठ-साठ पोरांना गप्प बसवणारा माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात तीन मिनिटांत गप्प झाला. तो अपमान गिळून, निळा फोल्डर काखेत मारून मास्तर धनसुखभाईंच्या कार्यालयात गेले.

धनसुखभाई गादीवर मांडी घालून बसले होते. मोठे सज्जन गृहस्थ. आयुष्यात हॉटेलातलं पाणीसुद्धा प्यायलेले नाहीत आणि हे समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात.

“मास्तर, सही तो हुं दोन मिनिटमां करी आपीश,” ते म्हणाले. “पण आधी माझं एक काम. डिंडोली बाजूला सगळे मराठी मतदार. ते विचारतात, तुमची भूमिका काय. वीस वरस राजकारणात छूं, कोणी भूमिका विचारली नाही. हवे विचारे छे. एक पत्रिका लिहून द्या, एकदम शुद्ध मराठीमां. अकरा मुद्दे.”

“अकराच का?”

“दस बेकी आकडो छे. बेकी आकडा दोन बाजूला सारखा तुटतो. अकरा तुटत नथी.”

सरकारी मास्तराने प्रचाराचं पत्रक लिहू नये हे मास्तरांना पाठ होतं. पण फोल्डर गादीवर होता, आणि पत्रकावर लेखकाचं नाव थोडंच छापतात. मास्तरांनी कागद ओढला.

पहिला मुद्दा दारूबंदीला पाठिंबा. मास्तर म्हणाले, गुजरातेत ती आहेच. धनसुखभाई म्हणाले, “छे, पण हुं अजून पण टेको देतो.” दुसरा, जकात बंद करावी. तिसरा, जकातीच्या पैशातून रस्ते करावेत. मास्तरांनी मान वर केली. धनसुखभाईंनी खूण केली, लिहा. चौथा, केबल टीव्हीमुळे घराघरातली संस्कृती बुडत आहे, तरी टीव्हीवर बहिष्कार टाकावा. निवडणूक कचेरीने अपक्षांना चिन्हं वाटली तेव्हा धनसुखभाईंच्या वाट्याला टीव्ही आला होता. त्यामुळे पत्रकाच्या तळाशी ‘टीव्हीवरच शिक्का मारा’ असंही लिहावं लागलं. पाचवा, सौंदर्यस्पर्धा. गेल्या साली दोन मुली जगात पहिल्या आल्या तेव्हापासून धनसुखभाईंची झोप उडाली होती. सहावा, प्रेमविवाहाला आईबापांची सही सक्तीची. राखीव जागांबद्दल त्यांचं मत गल्लीप्रमाणे बदलत होतं, म्हणून ते वगळलं. सातवा मुद्दा त्यांनी मुठी आवळून सांगितला. गेल्या वैशाखात उधन्याला एका वरातीत त्यांची गाडी दीड तास अडकली होती आणि समोर बायका बँडच्या तालावर नाचत होत्या. मास्तरांनी लिहिलं, ‘भर रस्त्यात बँडपुढे स्त्रियांनी नृत्य करण्याच्या अनिष्ट चालीस कायद्याने बंदी.’ भाषा जमून आली. मास्तर मूळचे साताऱ्याकडचे, बँडपुढे त्यांच्या घरात पुरुषसुद्धा हात बांधून चालायचे. त्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही.

आठ, नऊ, दहा गोमाता, गणवेश आणि वाढदिवसाचा केक. मग धनसुखभाई थांबले. सगळ्या भूमिका संपल्या होत्या.

“अकरावा तमे मूको,” ते जांभई देत म्हणाले. “जे मनात येल ते.”

आता मास्तरांच्या मनात सकाळपासून एकच गोष्ट होती. घरात जे कुणी ऐकून घेतलं नाही ते निदान दहा हजार लोकांनी वाचावं, असं त्यांना वाटलं असेल. किंवा काही वाटलंही नसेल; दमलेल्या माणसाचा हात आपोआप चालतो. त्यांनी लिहिलं, ‘अविवाहित मुलींना नोकरीनिमित्त परगावी एकट्या धाडण्याच्या घातक प्रथेस आमचा ठाम विरोध आहे.’ आणि खाली, सवयीने, ‘तरी सर्वांनी नोंद घ्यावी.’

“वाह,” धनसुखभाई म्हणाले. “आ तो सौथी सरस छे. छापून आलं की या. सही तयार.”

तीन दिवसांनी पत्रक छापून आलं आणि मास्तर फोल्डर घेऊन हजर झाले. धनसुखभाईंनी फॉर्म वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि परत वाचला.

“बडोदरा?”

“हो. नऊ आठवडे.”

“एकली?”

“हॉस्टेल आहे. वॉर्डन आहे.”

धनसुखभाईंनी शेजारच्या गठ्ठ्यातलं एक पत्रक काढून मास्तरांपुढे ठेवलं आणि अकराव्या मुद्द्यावर बोट ठेवलं. फार हळुवारपणे ठेवलं, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसं. “मास्तर, मी कशी सही करू? चार दिवसांवर मतदान छे. सामनेवाले म्हणतील, धनसुख बोलतो एक ने करतो बीजूं.”

“पण तो मुद्दा माझा आहे,” मास्तर म्हणाले.

“होतो. आता माझा छे. दहा हजार नंग छापले.”

मास्तर जिना उतरले. स्वतःचंच वाक्य असं आपल्या अंगावर येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांची वाक्यं आजवर फक्त फळ्यावर आणि सहलीच्या सूचनांत गेली होती.

आणि तिथेच दुसरा घोळ झाला होता. पत्रकावर लेखकाचं नाव नव्हतं, पण शेवटी ‘तरी सर्वांनी नोंद घ्यावी’ होतं. बावीस वर्षं शाळेची प्रत्येक सूचना याच ओळीने संपत आली होती. फीची, सुट्टीची, खरजेची, जंताच्या गोळ्यांची. डिंडोलीतल्या ज्या ज्या घरातलं पोर त्या शाळेत गेलं होतं त्या घरात पत्रक शेवटपर्यंत वाचून लोक म्हणाले, अरे, हे तर सबनीस मास्तर.

हेडमास्तर पाटील सरांनी त्यांना बोलावून दार लोटलं. “मी काही विचारत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही काही सांगू नका. पण आपल्याला मतदान केंद्रावर ड्युटी आहे, आणि आचारसंहिता आहे. नोंद घ्या.” शेवटचे दोन शब्द त्यांनी मुद्दाम वापरले की चुकून, हे मास्तरांना कळलं नाही. दिवसभर तेच कुरतडत राहिलं.

संध्याकाळी बिल्डिंगमध्ये सल्ले सुरू झाले. खालच्या मजल्यावरचे सुकदेवभाऊ कडोदऱ्याला यंत्रमागांवर लूममास्तर होते. कुठलाही बिघाड धागा तुटल्यासारखा सांधता येतो असं त्यांचं मत.

“तुम्ही म्हणा, माझं अक्षरच नाही,” सुकदेवभाऊ म्हणाले.

“छापील आहे. अक्षर कुठून येणार?”

“मग म्हणा छापखान्याने चूक केली.”

“अख्खं वाक्य?”

“एक शब्द राहिला म्हणा. ‘विरोध नाही’ होतं, ‘नाही’ पडून गेलं.”

समोरच्या सरलाबाईंनी त्याहून पुढचं सुचवलं. “त्यात अविवाहित मुली म्हटलंय ना? मग अपर्णाचा साखरपुडा झाला असं सांगायचं. आमदाराला सही करायला रस्ता मोकळा. आमच्या लखनचं नाव टाका तात्पुरतं. नंतर मोडलं म्हणू.” लखन आतून म्हणाला, “मम्मी, मने तो पूछ.” सरलाबाई म्हणाल्या, “तू अभ्यास कर.”

नीलाताईंना पत्रक बँकेतच मिळालं होतं. पैसे काढायला आलेल्या तीन खातेदारांनी काउंटरवरून आत सरकवलं, एकाने अभिनंदनही केलं. त्या घरी आल्या आणि पानं वाढायला लागल्या. मास्तरांची जेवणाची वाटी मात्र नेहमीपेक्षा जरा जोरात टेबलावर टेकली. अपर्णाने पत्रक हातात घेतलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

“अकरावा मुद्दा चांगला लिहिलाय, बाबा,” ती म्हणाली. “भाषा साधी आहे.”

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मास्तरांनी त्या रात्री वरणभात तसाच ठेवला. फॉर्म टेबलावर होता. बडोद्याला हजर व्हायला अकरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी नऊ वाजता दारात उषाबाई उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मागे जिनाभर बायका. उषाबाई डिंडोलीच्या. घरी बसून साड्यांना टिकल्या लावायचं काम घ्यायच्या आणि शेजारणींनाही वाटून द्यायच्या, त्यामुळे अर्ध्या डिंडोलीतल्या बायका त्यांचं ऐकत. त्यांचा मुलगा चेतन मास्तरांच्या हाताखालून दोनदा पाचवीतून गेला होता.

“मास्तर, हाई तुम्हीच लिखेल शे ना?” उषाबाईंनी पत्रक पुढे केलं.

नाही म्हणायची मास्तरांची तयारी होती, पण जिनाभर पालक असताना खोटं बोलायची सवय नव्हती. “भाषा माझी आहे,” ते म्हणाले. “विचार धनसुखभाईंचे.”

“सातवा वाचा.”

मास्तरांनी वाचला. भर रस्त्यात बँडपुढे स्त्रियांनी नृत्य.

“मंग आमनी कानबाईले काय रिक्षामा बसाडीसन लई जावानं का?”

आणि मास्तरांना तेव्हा कुठे उलगडलं. डिंडोलीतली माणसं खानदेशची, आणि श्रावणात त्यांच्या घरोघरी रविवारी कानबाई देवी बसते आणि सोमवारी तिचं विसर्जन होतं. बायका तिला डोक्यावर घेऊन नदीपर्यंत नाचत जातात, पुढे बँड. कुणी लाजत नाही, कुणी थांबत नाही. वर्षभर टिकल्या लावून आखडलेली बोटं त्या दिवशी मोकळी होतात. बावीस श्रावण मास्तरांनी तो बँड खिडकीतून ऐकला होता. दरवेळी त्यांना वाटलं, कुणाचं तरी लग्न आहे. श्रावणात लग्नं नसतात हे त्यांच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं.

“मला माहीत नव्हतं,” मास्तर म्हणाले.

“वीस वरीस झाया तुमले सुरतमा,” उषाबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. राग परवडला असता. “चला आते. तुमना धनसुखभाईकडे.”

चपला घालायला मास्तरांना एवढा वेळ कधी लागला नसेल. अपर्णाने आतून निळा फोल्डर आणला आणि ती पण निघाली. कोणी तिला ये म्हटलं नाही, कोणी नको म्हटलं नाही.

कार्यालयात चाळीस बायका शिरल्या तेव्हा धनसुखभाई गादीवर जेवढे मागे सरकता येईल तेवढे सरकले. ज्यांनी दीड तास गाडी अडवली होती त्याच बायका चालत आत आल्या असं त्यांना वाटलं असावं.

“आ बधुं मास्तरे लिख्युं छे,” ते पहिल्याच वाक्यात म्हणाले.

“सातवा तुम्ही मुठी आवळून सांगितला,” मास्तर म्हणाले.

“मुठी मी लिहून घ्यायला नव्हती सांगितली.”

उषाबाईंनी निवाडा थोडक्यात केला. सातवा काढा, नाहीतर डिंडोलीत टीव्हीवर एक शिक्का पडणार नाही. धनसुखभाई लगेच तयार झाले. भूमिकेबद्दल त्यांचा कधीच आग्रह नव्हता. सहा हजार पत्रकं अजून गठ्ठ्यात पडून होती, काळ्या शाईने सातवा खोडू आणि तीच वाटू. छापखाने दुसऱ्यांनी अडवले होते, नवं छापायला वेळ नव्हता.

मग त्यांचा चेहरा उतरला. ते बोटं मोजायला लागले.

“अकरातून सात नंबर गेला. राह्या दस. बेकी.” त्यांनी कपाळाला हात लावला. “बेकी आकडा घेऊन मतदानाला नाही जाता येत. अजून एक काढावा लागेल. जकातनी वात काढो.”

“दुसरा काढला तर तिसऱ्यातले रस्ते कशातून करणार?” मास्तर म्हणाले.

“तो केक काढो.”

“अकरावा काढा,” मास्तर म्हणाले.

“अरे ए तो सौथी सरस छे. बे वेपाऱ्यांनी फोन करून तारीफ केली.”

“काय शे अकरावा?” उषाबाईंनी विचारलं. त्या सातव्यापर्यंतच वाचून घराबाहेर पडल्या होत्या; लिहिणाऱ्याचं नाव चेतनने सांगितलं होतं.

मास्तरांनी पत्रक हातात घेतलं. वर्गात धडा वाचतात तसा आवाज काढायचा प्रयत्न केला, जमला नाही. अविवाहित मुलींना नोकरीनिमित्त परगावी एकट्या धाडण्याच्या घातक प्रथेस. वाचून होईपर्यंत त्यांना मागे उभ्या असलेल्या अपर्णाकडे बघता आलं नाही.

“मनी पोर योगिता रोज कडोदऱ्याले कंपनीमा जास,” उषाबाई म्हणाल्या. “एकलीच जास. तिनं काय बिघडनं?”

“कडोदरा परगाम न कहेवाय,” धनसुखभाई म्हणाले.

“दोन रिक्षा बदलायला लागतात,” मागून एक बाई म्हणाली.

“तरी परगाम नथी.”

“मग कामरेज?” दुसरीने विचारलं. “आमची चंचल कामरेजला जाते.”

परगाव कुठून सुरू होतं यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली. एकीचं म्हणणं नदी ओलांडली की परगाव. दुसरी म्हणाली, मग पलीकडच्या अडाजणची माणसं आपल्या गावात रोज परगावाहून येतात का. एक म्हणाली, जिथे रात्री मुक्काम पडतो ते परगाव, आणि तेव्हा मास्तर म्हणाले, “बडोदा.”

सगळ्या त्यांच्याकडे वळल्या.

“हा मुद्दा धनसुखभाईंचा नाही,” मास्तर म्हणाले. “माझा आहे. त्यांनी सांगितला नव्हता. माझी मुलगी बडोद्याला नोकरीच्या ट्रेनिंगला जाणार आहे. मी घरात नको म्हणत होतो, घरात कुणी ऐकलं नाही, म्हणून इथे येऊन लिहिलं.” त्यांनी धनसुखभाईंकडे बोट केलं. “ह्यांनी सही केली नाही तर तिची नोकरी जाईल. माझ्याच वाक्यामुळे जाईल. ते वाक्य काढा.”

उषाबाईंनी अपर्णाकडे पाहिलं, तिच्या हातातल्या फोल्डरकडे पाहिलं, आणि मग मास्तरांकडे. “पोरगी हुशार शे ना?”

“आहे.”

“मंग घरमा हारनात ते बरं झायं,” त्या म्हणाल्या आणि धनसुखभाईंकडे वळल्या. “दोन्ही काढा. नऊ राहतीस. नऊ काय शे? बेकी शे का?”

धनसुखभाईंनी पुन्हा बोटं मोजली. नऊ बेकी नव्हता. नऊ तुटत नव्हता. त्यांचा जीव इतका हलका झाला की त्यांनी फोल्डर स्वतःच मागून घेतला आणि चाळीस साक्षीदारांसमोर सही केली. ‘किमान तीन वर्षे ओळखतो’ इथे त्यांनी क्षणभर अपर्णाकडे बघितलं.

“नाव शुं, बेटा?” त्यांनी विचारलं, आणि शिक्का मारला.

ती दुपार मास्तर आणि अपर्णाने त्याच कार्यालयात काळी स्केचपेनं घेऊन काढली. सहा हजार पत्रकं. अपर्णा सातवा खोडायची आणि कागद पुढे सरकवायची, मास्तर अकरावा खोडायचे. सुकदेवभाऊ मदतीला आले आणि त्यांनी पहिल्या दोनशे पत्रकांवर सहावा खोडला, तो त्यांनी घाईत नाही, विचार करून खोडला असं पुढे कळलं. त्यांचा स्वतःचा प्रेमविवाह होता.

आता एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. छापलेलं माणूस चाळतो, पण खोडलेलं तो उजेडात धरून वाचतो. तीन दिवसांत डिंडोलीपासून उधन्यापर्यंत धनसुखभाईंच्या भूमिकेतले सात आणि अकरा हे दोनच मुद्दे लोकांना तोंडपाठ झाले. बाकीचे नऊ कुणी वाचलेही नाहीत. धनसुखभाई आपटले, सपशेल आपटले, आणि पुढची दोन वर्षं भेटेल त्याला सांगत राहिले की मराठी माणसाला शुद्ध मराठी चालत नाही. पण सहीवरची तारीख मतदानाच्या आधीची होती. अपर्णाचं चारित्र्य वाचलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण निघायच्या आदल्या दिवशी हॉस्टेलचं पत्र आलं. मुलीला राहायला ठेवायचं तर वडिलांचं संमतीपत्र पाहिजे, स्वतःच्या हस्ताक्षरात, तीन प्रती. नीलाताईंनी पत्र वाचलं आणि मास्तरांपुढे ठेवलं. तीन कोरे कागद ठेवले. मग, दहा दिवसांत पहिल्यांदा, चहाही ठेवला, आणि भाजीची पिशवी घेऊन बाहेर गेल्या.

मास्तर तासभर बसले होते. एका ओळीचं काम होतं. शाळेत अशा दहा सूचना ते मधल्या सुट्टीत काढायचे. एक कागद फाडला, दुसरा फाडला, मग घरातलीच वही घेतली. शेवटी तिन्ही प्रती झाल्या आणि अपर्णा कपड्यांना इस्त्री करत होती तिथे त्यांनी त्या नेऊन दिल्या.

तिने इस्त्री उभी केली आणि वाचलं. ‘माझी मुलगी कु. अपर्णा नोकरीनिमित्त बडोदे येथे एकटी राहणार असून त्यास माझी पूर्ण संमती आहे. तिला हे आधी सांगायचे राहून गेले. तरी सर्वांनी नोंद घ्यावी.’

“दुसरी ओळ खोडू का?” मास्तरांनी विचारलं. “वॉर्डनला तिचं काय काम.”

“नको,” अपर्णा म्हणाली. “खोडली की सगळे तीच वाचतील.”

आणि तिन्ही कागद तिने निळ्या फोल्डरमध्ये सगळ्यात वर ठेवले.